नगरसेवकाचे पहिले वर्ष: नव्या सदस्यांसाठी कामाची वाट

महाराष्ट्रात आज २९ महानगरपालिका आहेत. त्यांपैकी मुंबई, पुणे यांसारख्या अनेक महापालिकांच्या सदस्यांची मुदत २०२२ साली संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ तेथील कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. एवढ्या खंडानंतर सभागृह पुन्हा भरते तेव्हा प्रथमच निवडून आलेल्यांची संख्या मोठी असते. त्यांच्या दारात सकाळपासून माणसे उभी असतात, प्रचारातली आश्वासने लोकांच्या तोंडी ताजी असतात आणि कामाला हात नेमका कोठून घालावा हे मात्र कोणी बसवून सांगत नाही. हा लेख अशा सदस्यांसाठी आहे. मुंबई महापालिका १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमाने चालते आणि नगरपरिषदा व नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाने चालतात. येथे मी प्रामुख्याने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या शहरांचा विचार केला आहे. कलमे आणि समित्यांची नावे इतरत्र बदलतील, पण कामाची रीत फारशी बदलत नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. नगरसेवकाला कोणत्याही कर्मचाऱ्याला थेट आदेश देण्याचा अधिकार नाही. महापालिकेचा कार्यकारी अधिकार अधिनियमाच्या कलम ६७ नुसार आयुक्तांकडे असतो आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. नगरसेवकाकडे जे आहे ते वेगळे आहे: प्रश्न विचारण्याचा अधिकार, प्रस्ताव मांडण्याचा अधिकार, अंदाजपत्रकात तरतूद करण्यात वाटा आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा हक्क. हे सारे कागदावरचे अधिकार आहेत, आणि कागद हाताळायला शिकलेला सदस्य पाच वर्षांत जे उभे करतो ते आवाज चढवून होत नाही, हे मी सभागृहात बसून वर्षानुवर्षे पाहिले आहे.

पहिली पायरी: स्वतःचे पद सुरक्षित करा

निकालाच्या आनंदात पहिला महिना निघून जातो आणि नेमक्या याच महिन्यात काही मुदती संपत असतात. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांच्या आत सादर करावा लागतो. तो न दिल्यास अनर्हतेची कारवाई होऊ शकते. राखीव जागेवरून निवडून आलेल्या सदस्याने जात वैधता प्रमाणपत्राची मुदत डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि पडताळणी समितीकडे अर्जाची स्थिती स्वतः विचारत राहावे, कारण हे प्रमाणपत्र वेळेत न आल्याने चांगले काम करणाऱ्यांचीही पदे गेली आहेत. पक्षाच्या सदस्यांच्या गटाची नोंदणी विभागीय आयुक्तांकडे होते आणि एकदा ती झाली की १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमानुसार गटाचा पक्षादेश (व्हिप) बंधनकारक ठरतो. तेव्हा नोंदणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा.

याहून नाजूक बाब हितसंबंधांची आहे. महापालिकेच्या ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असणे हे अनर्हतेचे कारण आहे. त्याचप्रमाणे सदस्याने, त्याच्या पतीने वा पत्नीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केलेले आढळल्यास पद जाते. घराच्या गच्चीवर कधीकाळी टाकलेली शेड, दुकानाचे पुढे आलेले बांधकाम यांची तपासणी स्वतःहून करून घ्यावी. आपल्याच घरात नियमभंग असेल तर प्रभागातील अतिक्रमणाविषयी एकही पत्र ठामपणे लिहिता येत नाही.

दुसरी पायरी: चार दस्तऐवज मिळवा आणि वाचा

नगरसचिव कार्यालयातून अधिनियमाची प्रत आणि सभा कामकाजाचे नियम घ्यावेत. अधिनियम एका बैठकीत वाचण्याची गरज नाही. कलम ६३ मध्ये महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये दिली आहेत आणि कलम ६६ मध्ये तिने स्वेच्छेने करावयाची कामे दिली आहेत. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की पाणी, मलनिस्सारण, सफाई, दिवाबत्ती या गोष्टी मागताना विनवणी करायची नसते हे ध्यानात येते, कारण ती महापालिकेची जबाबदारीच आहे. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय घातले. त्यांतील किती विषय आपल्या महापालिकेकडे खरोखर आले आहेत आणि किती अजून राज्याच्या इतर यंत्रणांकडे आहेत, याची एक पानी यादी करावी.

दुसरा दस्तऐवज म्हणजे मागील तीन वर्षांची अंदाजपत्रके, तिसरा म्हणजे आपल्या भागाशी संबंधित ठरावांची इतिवृत्ते आणि चौथा म्हणजे शहराचा विकास आराखडा. आराखड्याकडे नवे सदस्य सहसा वळत नाहीत, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार झालेल्या या नकाशात शाळा, दवाखाना, उद्यान, मंडई, दफनभूमी, रस्ते यांसाठी जागा राखलेल्या असतात. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा विकत घ्या अशी नोटीस) देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने कायदेशीर पाऊल उचलले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. शहराच्या मैदानांची आणि दवाखान्यांची जागा अशी गुपचूप निघून जाते, आणि एकदा गेली की पुन्हा मिळत नाही. आपल्या प्रभागातील प्रत्येक आरक्षणाची यादी करून ताबा कोणाकडे आहे, खरेदी सूचना आली आहे का, मोबदला रोखीने द्यायचा आहे की विकास हक्काच्या (रोखीऐवजी इतरत्र जादा बांधकामाची मुभा) स्वरूपात, हे नगररचना विभागाला पहिल्या तीन महिन्यांत लेखी विचारावे. माझ्या मते एका सदस्याने आपल्या मुदतीत एक आरक्षित मैदान वाचवले तरी त्याचे निवडून येणे सार्थकी लागले.

तिसरी पायरी: प्रभाग पायी फिरा, पण एकट्याने नव्हे

आपला प्रभाग आपल्याला पाठ आहे असे प्रत्येक नव्या सदस्याला वाटते. जमिनीच्या वरचा प्रभाग खरोखरच पाठ असतो, खालचा नसतो. जलवाहिनी कोणत्या वर्षी टाकली, तिचा व्यास किती, मलवाहिनी कोठे उतरते, पावसाळी गटार कोणत्या नाल्याला मिळते, यांची माहिती नकाशापेक्षा माणसांकडे जास्त असते. म्हणून फेरी मारताना पाणीपुरवठा विभागाचा व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कर्मचारी, सफाईचा मुकादम आणि मलनिस्सारण विभागाचा कनिष्ठ अभियंता यांना सोबत घ्यावे. पंचवीस वर्षे एकाच भागात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला कोणत्या गल्लीच्या तोंडाशी दाब का पडतो हे ठाऊक असते, पण त्याला ते कोणी विचारलेले नसते.

फेऱ्या वेगवेगळ्या वेळी कराव्यात. पहाटे हजेरीच्या वेळी गेल्यास मंजूर सफाई कर्मचाऱ्यांपैकी किती जण प्रत्यक्ष कामावर आहेत ते दिसते. पाणी येण्याच्या वेळी गेल्यास उतारावरच्या घरांत भरपूर आणि चढावरच्या घरांत करंगळीएवढी धार हा फरक दिसतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हा सर्वमान्य निकष आहे. आपल्या भागाला पाणी देणाऱ्या टाकीची क्षमता, ती दिवसातून किती वेळा भरते आणि तिच्यावर अवलंबून असलेली लोकसंख्या हे तीन आकडे मिळाले की कमतरता पाण्याची आहे की वाटपाची, याचा अंदाज घरी बसून काढता येतो. रात्री दहानंतरची फेरी बंद दिव्यांसाठी असते. आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडलेच पाहिजे, कारण पाणी कोठे तुंबते हे उन्हाळ्यात कोणताही अहवाल सांगू शकत नाही. प्रभागातून नदी किंवा मोठा नाला जात असेल तर निळ्या आणि लाल पूररेषेचा (पुराचे पाणी कोठवर येऊ शकते ते दाखवणारा) नकाशा सोबत ठेवावा व रेषेच्या आत कोणती घरे येतात ते पाहून घ्यावे.

जे दिसले ते त्याच दिवशी वहीत लिहावे: ठिकाण, तारीख, छायाचित्र, सोबत कोण होते. पुढे प्रत्येक नोंदीसमोर एक खूण करावी की हे काम कोणाचे. रस्ता महापालिकेचा आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा? उघडी वीजपेटी महावितरणची आहे का? कालव्याच्या कडेला जलसंपदा विभागाची हद्द आहे का? सिग्नल बसवणे महापालिकेचे आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांचे, ही विभागणी तरी स्पष्ट आहे का? चुकीच्या दारात पत्र दिल्यामुळे सहा महिने वाया गेलेली कामे मी पाहिली आहेत. दोन्ही यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवतात आणि लोक नगरसेवकाकडे.

बहुसदस्यीय प्रभाग असल्यास आणखी एक काम करावे. प्रभागातील सर्व सदस्य कायद्याने संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात, तरी प्रत्यक्षात गल्ल्यांची वाटणी होते आणि हद्दीवरच्या वस्तीला कोणीच वाली उरत नाही. निवडणुकीतील स्पर्धा बाजूला ठेवून महिन्यातून एकदा सर्व सहसदस्यांनी एकत्र बसावे, पक्ष वेगळे असले तरीही.

चौथी पायरी: तक्रार आणि काम यांतला फरक ओळखा

दिवा बंद आहे, कचरा उचलला नाही, चेंबर तुंबले आहे, या तक्रारी आहेत. त्यांसाठी महापालिकेची तक्रार नोंदणी व्यवस्था असते आणि नागरिकाला तेथे क्रमांक मिळवून देणे हे नगरसेवक कार्यालयाचे काम आहे. जन्म दाखला, मालमत्ता हस्तांतरण, नळजोड अशा सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार मुदती ठरवून दिलेल्या असतात. शिफारसपत्र देण्यापेक्षा ही मुदत नागरिकाला सांगणे अधिक उपयोगाचे, कारण पुढच्या वेळी तो आपल्यावर अवलंबून राहत नाही. काही सदस्यांना हे अवलंबित्व हवेसे वाटते. नव्यांनी त्या मोहात पडू नये.

तेच चेंबर महिन्यात तिसऱ्यांदा तुंबले तर मात्र ती तक्रार राहत नाही. वाहिनीचा व्यास अपुरा आहे, उतार चुकला आहे, किंवा वरच्या भागात नव्या इमारती झाल्या आणि वाहिनी जुनीच राहिली, असे कारण असते व त्यावर अंदाजपत्रकातूनच उपाय होतो. म्हणून तक्रारींची नोंदवही गल्लीनिहाय ठेवावी आणि दर तिमाहीला चाळावी. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी हीच पुढच्या वर्षीच्या कामांची यादी असते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: चेंबर लवकर मोकळे व्हावे म्हणून माणूस आत उतरवण्याचा आग्रह कोणी धरला तर तो थांबवावा. २०१३ च्या कायद्याने मैला हाताने उचलण्यास आणि सुरक्षा साधनांविना गटारात उतरवण्यास बंदी आहे, आणि उशीर झाला तरी यंत्र येईपर्यंत थांबायचे हे लोकांना सांगण्याची हिंमत सदस्याकडे असली पाहिजे.

पत्र लिहिताना एका पत्रात एकच विषय असावा. ठिकाणाची अचूक खूण, मागणी आणि अपेक्षित मुदत लिहावी, आवक क्रमांक घ्यावा आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे. दूरध्वनीवरून झालेले बोलणे अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर संपते, पण आवक क्रमांक असलेले पत्र धारिकेत (फाइलमध्ये) राहते.

पाचवी पायरी: अंदाजपत्रकात जागा मिळवा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नव्या सदस्यांकडून नेमका हाच निसटतो, कारण अंदाजपत्रक म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधील भाषणे अशी समजूत असते. प्रत्यक्षात विभागांकडून मागण्या गोळा होण्याचे काम त्याआधी कित्येक महिने सुरू होते. आयुक्त आपले अंदाज स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यांत फेरबदल करते आणि शेवटी सर्वसाधारण सभा मंजुरी देते. पुढील वर्षाच्या करांचे दर सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि दरवर्षी त्यांतील निम्मे निवृत्त होतात. समितीवर नसलेल्या सदस्याने तिच्यावरील आपल्या गटाच्या सदस्यांकडे दिवाळीच्या सुमारासच यादी द्यावी, आणि त्याहूनही आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, संबंधित खात्याच्या उपअभियंत्याकडून त्या कामांची पूर्वगणनपत्रके (खर्चाचे तपशीलवार अंदाज) तयार करून घ्यावीत. पूर्वगणनपत्रक तयार असलेल्या कामाला तरतूद मिळण्याची शक्यता नुसत्या मागणीपेक्षा कितीतरी जास्त असते.

खर्चाची पाने उघडण्यापूर्वी जमेची पाने वाचावीत. जकात गेली, त्यानंतरचा स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिकांना राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळते. मालमत्ता कर, बांधकाम परवानगीचे शुल्क, पाणीपट्टी आणि हे अनुदान ही जमेची मुख्य साधने आहेत. बांधकाम शुल्काचा अंदाज वाढवून दाखवला की अंदाजपत्रक कागदावर फुगते आणि डिसेंबरनंतर निधी नाही म्हणून कामे थांबतात. त्यामुळे मागील तीन वर्षांत प्रत्येक शीर्षात अंदाज किती होता आणि प्रत्यक्ष जमा किती झाली, याचा तक्ता प्रत्येक सदस्याने स्वतःच्या हाताने काढावा. एका संध्याकाळचे काम आहे, पण त्यानंतर सभागृहातल्या चर्चेकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

खर्चाच्या बाजूला महसुली आणि भांडवली असे दोन भाग असतात. लोकांना भांडवली कामे दिसतात: नवा रस्ता, कमान, सभागृह, कारंजे. महसुली भागातील देखभाल कोणाला दिसत नाही. तरीही दवाखान्यातील औषधे, उद्यानाचा रखवालदार, पंपांची दुरुस्ती, शाळेच्या स्वच्छतागृहाचे पाणी हे सारे त्या न दिसणाऱ्या भागात असते. नवीन इमारतीची मागणी करताना ती चालवण्यासाठी दरवर्षी किती खर्च येईल आणि कोणती पदे मंजूर आहेत हे त्याच पत्रात विचारावे. कुलूपबंद समाजमंदिरे आणि डॉक्टरांविना दवाखाने या प्रश्नाच्या अभावी तयार झाले आहेत.

कामांचा क्रम हा या टप्प्यातील दुसरा कळीचा मुद्दा. माझ्या पहिल्या वर्षी मी आग्रहाने एक रस्ता काँक्रीटचा करून घेतला आणि त्याचे लोकांनी कौतुकही केले. पुढच्याच उन्हाळ्यात त्याखालची जुनी जलवाहिनी फुटू लागली आणि तो रस्ता मधोमध कापावा लागला. पैसे शहराचे गेले आणि वर्षभर धूळ खाल्ली ती तेथल्याच रहिवाशांनी. तेव्हापासून मी एक क्रम कधी मोडला नाही: आधी मलवाहिनी, मग जलवाहिनी, मग पावसाळी गटार व केबलसाठी नळ्या, आणि सगळ्यांत शेवटी पृष्ठभाग. रस्त्याची मागणी करण्यापूर्वी पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि वीज या तिन्ही विभागांकडून पुढील पाच वर्षांत तेथे खोदाई नाही असे लेखी घ्यावे. हे लेखी मिळायला वेळ लागतो, लोक विचारत राहतात, तरी थांबावे.

वर्षाच्या अखेरीस होणाऱ्या वर्गीकरणावरही लक्ष असू द्यावे. एका शीर्षातील न वापरलेली तरतूद दुसरीकडे वळवण्याचे प्रस्ताव जानेवारीनंतर येऊ लागतात आणि ज्या कामाची निविदा निघाली नाही त्याचे पैसे सर्वांत आधी जातात. आपल्या कामाची निविदा दिवाळीपर्यंत निघावी यासाठी पाठपुरावा करण्याचे खरे कारण हेच आहे.

सहावी पायरी: मंजुरीपासून मोजमापापर्यंत सोबत राहा

तरतूद झाली म्हणजे काम झाले नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, स्थायी समितीची मान्यता, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि देयक अशी ही साखळी आहे. वहीत प्रत्येक कामासमोर ही आठ घरे आखावीत आणि प्रत्येक घरात तारीख भरावी. ज्या घरात तारीख दोन महिने कोरी राहते तेथे धारिका अडकली आहे, आणि त्या टेबलावर जाऊन शांतपणे कारण विचारावे. बहुतेक वेळा कारण साधे असते: एखादा अभिप्राय आलेला नसतो, जागेचा उतारा जोडलेला नसतो. तो कागद आणून दिला की धारिका चालू लागते.

काम सुरू झाल्यावर ठेकेदाराला तोंडी सूचना देऊ नयेत. त्याचा करार महापालिकेशी असतो आणि आपल्या सांगण्यावरून त्याने बदल केला तर देयकाच्या वेळी वाद उभा राहतो. शिवाय ठेकेदाराशी जवळीक दिसली की संशयालाही जागा होते. मंजूर पूर्वगणनपत्रकाची प्रत मात्र हातात असावी आणि त्यातल्या बाबी जागेवर पाहाव्यात. डांबरी रस्त्यात जुना थर खरवडून मगच नवा थर टाकण्याची बाब आहे का, ते पाहावे. नसेल तर दर काही वर्षांनी रस्ता वर येत जातो, उंबरे खाली जातात आणि पावसाचे पाणी घरात शिरते. जुन्या पेठांत आणि गावठाणांत हा त्रास घरोघर आहे. चेंबरची झाकणे नव्या पातळीला आणण्याची बाब आहे का? काँक्रीटला पाणी मारण्याचे दिवस पाळले जात आहेत का? उणीव दिसल्यास कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलवावे आणि त्याच दिवशी छायाचित्रासह पत्र द्यावे.

काम संपल्यावर दोषदायित्व कालावधी किती आहे ते करारातून लिहून घ्यावे. या कालावधीत रस्ता उखडला किंवा गळती झाली तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. कित्येक ठिकाणी हा कालावधी कोणाच्या लक्षात नसल्याने त्याच दुरुस्तीसाठी पुन्हा निविदा निघते. कालावधी संपण्याच्या दोन महिने आधी जागेची पाहणी मागणारे पत्र द्यावे. इतक्या साध्या पत्राने वाचलेला सार्वजनिक पैसा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

सातवी पायरी: सभागृहात बोलणे आणि नोंदवणे

सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा होते. विषयपत्रिका हाती आली की विषयांसोबतचे गोषवारे त्याच रात्री वाचावेत, आणि ज्या विषयावर बोलायचे त्याची मूळ धारिका नगरसचिव कार्यालयात जाऊन पाहावी. पहिल्या सहा महिन्यांत फार बोलण्याची गरज नाही. एका सभेत एक मुद्दा, आकड्यासह आणि शेवटी नेमकी मागणी, एवढे पुरते. लेखी प्रश्नांचे साधन तर फारच कमी वापरले जाते, वास्तविक त्याचे उत्तर प्रशासनाच्या सहीने मिळते आणि पुढच्या प्रत्येक पत्राला तोच आधार होतो.

प्रस्तावात सुधारणा हवी असेल तर उपसूचना लेखी द्यावी, अनुमोदक आधी ठरवावा आणि उपसूचनेचा मूळ विषयाशी संबंध असावा. मूळ विषय एक आणि उपसूचनेने वेगळेच काम घुसवायचे, ही पद्धत रूढ असली तरी अशा ठरावांवर पुढे आक्षेप येतात. कायद्याशी किंवा लोकहिताशी विसंगत ठराव कलम ४५१ खाली राज्य शासन निलंबित करू शकते. ठरावासोबत खर्च कोठून करायचा ते लेखाशीर्ष लिहिलेले नसेल तर तो ठराव बहुधा धारिकेतच राहतो.

बहुमत विरोधात असतानाही विरोध नोंदवावा. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजवण्यावर नगरपालिकेने पैसा खर्च करावा, या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हटले. प्रस्ताव त्यांच्या बाजूने गेला नाही, पण तो विरोध आजही आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याची नोंद झाली. पुढील सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी आपले म्हणणे त्यात आले आहे की नाही हे तपासावे आणि नसल्यास दुरुस्ती मागावी.

आठवी पायरी: लोकांना निर्णयात घ्या

तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असतात, आणि त्यांवर मान्यताप्राप्त स्वयंसेवी व समाजाधिष्ठित संस्थांच्या जास्तीत जास्त तीन सदस्यांचे नामनिर्देशन करता येते. ही पदे कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी न वापरता पाणी, कचरा, शाळा यांत खरोखर काम केलेल्या माणसांना द्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कायद्यात क्षेत्रसभेचीही, म्हणजे त्या भागातील मतदारांच्या सभेचीही, तरतूद आहे. तिची वाट न पाहता अंदाजपत्रकाआधी, सप्टेंबरमध्ये, प्रत्येक वस्तीत एक बैठक घ्यावी, आपली कामांची यादी वाचून दाखवावी आणि त्यातली कोणती तीन आधी व्हावीत हे लोकांना ठरवू द्यावे. बैठकीची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. पाण्याची, शौचालयाची आणि अंधाऱ्या बोळांची खरी माहिती त्यांच्याकडून मिळते.

पथविक्रेत्यांचा प्रश्न प्रत्येक प्रभागात येतो. एका बाजूला पादचारी, दुसऱ्या बाजूला पोट, आणि मध्ये नगरसेवक. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असे ठरवले आहे, तसेच सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणालाही हटवू नये असेही सांगितले आहे. सर्वेक्षण झाले आहे का आणि आपल्या भागात विक्री क्षेत्र कोणते ठरले आहे, हे आधी विचारावे, मग भूमिका घ्यावी. झाडांबाबतही तसेच: १९७५ च्या वृक्ष अधिनियमानुसार तोडीसाठी रीतसर परवानगी लागते आणि तिच्यासाठी आलेल्या अर्जांवर हरकती घेता येतात. रस्तारुंदीच्या प्रस्तावासोबत झाडांची यादी जोडली आहे का ते पाहावे.

वर्ष संपताना

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, नालेसफाई पूर्ण झाल्याचे अहवाल येऊ लागतात त्या सुमारास, पहिल्या पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या ठिकाणांची वही बाहेर काढावी. त्याच मुकादमाला आणि अभियंत्याला सोबत घेऊन त्या प्रत्येक ठिकाणी जावे, काढलेला गाळ उचलून नेला आहे की काठावरच ठेवला आहे ते पाहावे, आणि नोंदीसमोर आजची तारीख घालावी. त्या वहीची एक छायाप्रत करून प्रभाग कार्यालयात सहायक आयुक्तांकडे आवक क्रमांकासह जमा करावी, म्हणजे पुढे आपल्या जागी कोणीही निवडून आले तरी त्याला ती मागता येईल.